खांद्यावरचा उंचवटा

५ जुलै २०१४. टूर द फ्रान्स ही सायकलची सर्वांत मानाची शर्यत त्या वर्षी इंग्लंडमध्ये सुरू झाली. पहिला टप्पा लीड्सहून हॅरोगेटचा होता आणि हॅरोगेट म्हणजे मार्क कॅव्हेंडिशच्या आईचं गाव. टूरमधले २५ टप्पे नावावर असलेल्या या ब्रिटिश सायकलपटूला तोवर शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी एकदाही मिळाली नव्हती. त्या दिवशी जिंकला असता तर आईच्या गावात ती त्याच्या अंगावर चढली असती. अंतिम रेषा काही शे मीटरवर असताना तो ऑस्ट्रेलियाच्या सायमन गेरान्सला धडकला आणि दोघेही रस्त्यावर कोसळले. कॅव्हेंडिश उजव्या खांद्यावर आपटला. दुसऱ्या दिवशीच्या टप्प्यात तो नव्हता.

सायकलवरून पडलेल्याचा खांदा दुखावला म्हटलं की कॉलरबोन मोडलं असणार, असा सगळ्यांचा पहिला अंदाज असतो. कॅव्हेंडिशचं हाड मोडलं नव्हतं. दंडाचं हाड उखळीतून निसटलंही नव्हतं. सुटला होता तो खांद्याच्या टोकावरचा एक लहानसा सांधा. त्याचं लांबलचक नाव अ‍ॅक्रोमिओक्लॅव्हिक्युलर जॉइंट. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि बरेचसे खेळाडू त्याला नुसतं ‘एसी जॉइंट’ म्हणतात.

हा सांधा नेमका कुठे असतो, हे कुणालाही स्वतःच्या बोटांनी शोधता येतं. गळ्याच्या खाली, मधोमध जो खळगा असतो तिथून कॉलरबोनवर बोट ठेवून बाहेरच्या बाजूला सरकत जायचं. खांद्याच्या टोकाच्या दोन-तीन बोटं आधी एक बारीक उंचवटा आणि लगेच एक फट लागते. कॉलरबोन तिथे संपतं आणि खवाट्याच्या हाडाचा पुढे आलेला भाग, म्हणजे खांद्याचं छप्पर, तिथे सुरू होतो. या दोघांची गाठ जिथे पडते तोच एसी जॉइंट.

हाताला धडाशी हाडानं जोडणारा दुवा एकच, तो म्हणजे कॉलरबोन. बाकी सगळा हात आणि खवाटा स्नायूंच्या आधारानं पाठीवर आणि छातीवर तोललेला असतो. एका हाताचं वजन शरीराच्या वजनाच्या साधारण पाच टक्के असतं. साठ किलोच्या माणसाचा हात तीनेक किलोचा, आणि हे ओझं दिवसभर लोंबकळत असतं. ते तोलून धरायला सांध्याभोवती एक पातळ आवरण आणि काही आखूड अस्थिबंध (लिगामेंट) असतात. ते कॉलरबोनला पुढे-मागे सरकू देत नाहीत. खरी ताकद मात्र थोड्या आतल्या बाजूला आहे. खवाट्याच्या पुढच्या बाजूला कोरॅकॉइड नावाचं एक वाकडं टोक आहे. तिथून कॉलरबोनच्या खालच्या बाजूला दोन जाड अस्थिबंध जातात. खवाटा आणि त्यासोबत अख्खा हात कॉलरबोनला टांगून ठेवण्याचं काम या दोघांचं.

माणूस हात अंगालगत असताना थेट खांद्याच्या टोकावर पडतो, तेव्हा जमिनीचा सगळा दणका खवाट्याला बसतो आणि तो खाली ढकलला जातो. कॉलरबोन त्याच्या मागून खाली जाऊ शकत नाही. मग आधी सांध्याचे अस्थिबंध ताणले जातात, फाटतात. जोर त्याहून जास्त असेल तर आतले दोन जाड अस्थिबंधही तुटतात. पाहणाऱ्याला कॉलरबोनचं टोक वर उसळलेलं दिसतं. प्रत्यक्षात कॉलरबोन बऱ्यापैकी जागेवरच असतं. आधार सुटल्यामुळे हात आणि खवाटा खाली ओघळलेले असतात. उपचारांमध्ये हात उचलून धरण्यावर एवढा भर का असतो, ते यातून कळतं.

या दुखापतीची गल्लत नेहमी खांदा उखळीतून निखळण्याशी होते. दोन्ही खांद्याच्याच दुखापती, दोन्ही पडल्यानं होणाऱ्या, आणि बोलताना दोन्हींना ‘खांदा निखळला’ असंच म्हटलं जातं. पण बिघाड वेगळा आणि उपचारही वेगळे. २३ मार्च २०२१ ला पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर इंग्लंडविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात श्रेयस अय्यरनं चेंडू अडवायला झेप घेतली आणि त्याचा डावा खांदा दुखावला. ती दुखापत दंडाच्या हाडाच्या गोळ्याची होती. गोळा उखळीतून सरकला होता. पुढच्याच महिन्यात त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. कॅव्हेंडिशची दुखापत त्याच्याहून थोडी वरची, वेगळ्याच सांध्याची.

उखळीतून निखळलेल्या खांद्याचा गोलावा नाहीसा होतो, खांदा चौकोनी दिसतो आणि हात एकाच स्थितीत अडकून बसतो. एसी जॉइंट सुटला तर गोलावा शाबूत असतो, पण खांद्याच्या वरच्या बाजूला टेंगूळ येतं आणि बोट ठेवलं तर नेमकं तिथेच दुखतं. दुखावलेला हात छातीसमोरून दुसऱ्या खांद्याकडे नेला की कळ वाढते. निखळलेला गोळा ओढून बसवावा लागतो, तोही एक्स-रे पाहून, प्रशिक्षित माणसानं, भूल किंवा वेदनाशामक देऊन. सुटलेला एसी जॉइंट ओढून बसवायचा नसतो. हात खाली ओढला तर उलट फाटलेले अस्थिबंध आणखी फाटू शकतात.

हा घोटाळा फार जुना आहे. हिपोक्रॅटिसच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या सांध्यांवरच्या ग्रीक ग्रंथात याच दुखापतीबद्दल इशारा आहे: चांगले जाणकार वैद्यही हिला खांदा निखळणं समजून हात ओढतात आणि रुग्णाचं नुकसान करतात. त्यानंतर कित्येक शतकांनी, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, गेलेन हा नामांकित वैद्य पस्तिशीच्या सुमारास कुस्ती खेळताना खांद्यावर पडला. आखाड्यातल्या लोकांना वाटलं की दंड उखळीतून सुटला, आणि ते हात ओढायला लागले. काय झालंय हे खुद्द गेलेननं ओळखलं, ओढाओढ थांबवली आणि खांदा घट्ट पट्ट्यांनी बांधून घेतला. स्वतःच्या या दुखापतीबद्दल त्यानं लिहूनही ठेवलं.

महाराष्ट्रातल्या तालमीत, कबड्डीच्या मैदानावर किंवा दहीहंडीच्या रस्त्यावर आजही काही वेगळं घडत नाही. पोरगा खांद्यावर पडतो, टेंगूळ दिसतं, कुणीतरी अनुभवी माणूस पुढे होऊन ‘जरा सोड हात, बसवतो’ म्हणतो. त्याच्या मनात मदत करण्याखेरीज दुसरं काही नसतं. गावोगावच्या हाडवैद्यांकडे नेऊन तेल लावून चोळणं, झटका देणं, घट्ट लेप बांधणं हेही चालतं. ताज्या दुखापतीवर चोळल्यानं सूज आणि रक्तस्राव वाढतो. शिवाय टेंगळाखाली कॉलरबोन मोडलेलं असू शकतं, आणि ते एक्स-रेशिवाय हमखास सांगता येत नाही. तिथे झटका दिला तर साधी दुखापत कठीण होऊन बसते.

दवाखान्यात डॉक्टर आधी रुग्णाला बसवून किंवा उभं करून दोन्ही खांदे समोरून पाहतात. आडवं झोपवलं की हाताचा भार जातो आणि टेंगूळ लपून बसतं. मग त्या टोकावर हलका दाब दिला जातो. पेटीची पट्टी दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते, तसं कॉलरबोनचं टोक वागत असेल तर आतले अस्थिबंधही तुटले आहेत, असा अंदाज बांधला जातो. एक्स-रे दोन्ही खांद्यांचा एकदमच काढणं चांगलं, कारण कॉलरबोन आणि कोरॅकॉइड यांच्यातलं अंतर माणसागणिक बदलतं. साधारणपणे ते अकरा ते तेरा मिलिमीटर असतं, पण खरी तुलना त्याच माणसाच्या चांगल्या खांद्याशीच करायची. किरण थोडे खालून वर सोडून घेतलेल्या फोटोत हा सांधा स्पष्ट दिसतो. कॉलरबोन मागे सरकलंय का, हे समजायला बगलेच्या बाजूनं घेतलेला फोटोही लागतो. तो घेतला नाही तर एक गंभीर प्रकार नजरेतून सुटतो.

दुखापतीची तीव्रता ठरवायला जगभर वापरलं जाणारं वर्गीकरण अमेरिकेतले चार्ल्स रॉकवूड यांनी १९८४ मध्ये मांडलं. त्यात सहा प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात सांध्याचे अस्थिबंध नुसते ताणलेले असतात आणि एक्स-रे अगदी स्वच्छ दिसतो. दुसऱ्यात ते फाटलेले असतात, पण आतली जाड जोडी टिकून असते. तिसऱ्यात दोन्ही तुटतात आणि अंतर चांगल्या बाजूच्या तुलनेत पंचवीस ते शंभर टक्क्यांनी वाढतं. चौथ्यात कॉलरबोनचं टोक मागे जाऊन मानेच्या बाजूच्या स्नायूत घुसतं. पाचवा म्हणजे तिसऱ्याचंच उग्र रूप. टोक कातडीखाली इतकं वर येतं की पाहूनच धस्स व्हावं. सहावा, ज्यात टोक खाली जाऊन अडकतं, इतका दुर्मिळ आहे की बहुतेक हाडांच्या डॉक्टरांनी तो पुस्तकातच पाहिलेला असतो.

पहिल्या दोन प्रकारांबद्दल वैद्यकात वादच नाही. या दुखापती शस्त्रक्रियेशिवाय बऱ्या होतात आणि बहुसंख्य रुग्ण याच दोन प्रकारांत मोडतात. हात गळ्यात अडकवायची पिशवी, पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा शेक, लागतील तशी वेदनाशामकं, एवढ्यावर काम भागतं. बर्फ थेट कातडीवर ठेवायचा नाही, पंचात गुंडाळून एका वेळी पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. हात गळ्यात ठेवायचा तो दुखणं सोसवेल इतकं कमी होईपर्यंतच. काहींना चार दिवस पुरतात, काहींना दोन आठवडे लागतात. पिशवीत कोपर नीट उचललेलं राहील याकडे लक्ष हवं. गळ्यातला पट्टा सैल पडून हात खाली लोंबत असेल तर तिचा काही उपयोग नाही. रात्री पाठीवर झोपून कोपराखाली उशी घेतली की झोप लागते.

पूर्वी कॉलरबोनला वरून दाबून आणि कोपराला खालून उचलून करकचून बांधणारे पट्टे आठवडेच्या आठवडे वापरले जात. गेलेननं बांधून घेतलेल्या पट्ट्यांचेच हे वंशज. त्यांनी कातडीवर जखमा व्हायच्या आणि पट्टा सुटला की टोक पुन्हा वर यायचं. टेंगूळ खाली दाबून बसवण्याचा हा मार्ग आता बहुतेकांनी सोडून दिला आहे.

खरा उपचार त्यानंतर सुरू होतो, आणि नेमका तोच सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. बोटं, मनगट आणि कोपर पहिल्या दिवसापासून हलवत राहायचं असतं. दुखणं ओसरायला लागलं की कमरेतून पुढे वाकून हात सैल सोडायचा आणि हळूहळू झुलवायचा. मग दुसऱ्या हाताच्या किंवा काठीच्या मदतीनं तो वर न्यायचा, पुढे स्वतःच्या जोरावर. त्यानंतर येतात खवाट्याभोवतीच्या स्नायूंचे व्यायाम: दोन्ही खवाटे मागे आवळून धरणं, भिंतीवर हात टेकून दंड काढणं, रबरी पट्टा ओढणं. अस्थिबंध ढिले झालेले असताना खवाट्याला जागेवर धरण्याचं काम याच स्नायूंना करावं लागतं. ते कमजोर राहिले तर खवाटा वेडावाकडा सरकतो आणि दुखणं मानेपर्यंत चढतं. फिजिओथेरपीच्या दोन भेटी घेऊन ‘आता बरं वाटतंय’ म्हणून थांबणारे रुग्ण सहा महिन्यांनी त्याच तक्रारी घेऊन परत येतात, ते याचमुळे.

चाळिशी ओलांडलेल्यांना आणि मधुमेह असलेल्यांना इथे आणखी जपावं लागतं. भीतीपोटी हात महिना-दीड महिना गळ्यातच ठेवला तर मूळ सांधा बरा होतो आणि शेजारचा खांद्याचा मोठा सांधा आखडून बसतो. आखडलेला खांदा मोकळा व्हायला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं. मूळ दुखापतीपेक्षा तो त्रास मोठा असतो.

पहिल्या प्रकारातला खेळाडू बहुधा दोनेक आठवड्यांत मैदानावर परततो, दुसऱ्यातला चार ते सहा आठवड्यांत. जड ओझं उचलणं आणि धक्काबुक्कीचे खेळ त्याहून थोडे पुढे ढकलावे लागतात. हात वर-खाली, मागे-पुढे पूर्ण फिरतो आहे, जोर दुसऱ्या हाताइतका आला आहे आणि सांध्यावर दाबल्यावर दुखत नाही, या तिन्ही गोष्टी जमल्या की परतायला हरकत नसते. तारखेपेक्षा ही कसोटी महत्त्वाची.

चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या प्रकारात कल बहुधा शस्त्रक्रियेकडे असतो. उरतो तिसरा. हाडांच्या डॉक्टरांमध्ये इतक्या चिवटपणे वादात राहिलेल्या दुखापती थोड्याच असतील.

तुटलंय ते जोडावं, ही प्रेरणा शल्यचिकित्सकाला स्वाभाविकच असते. त्यामुळे या लहानशा सांध्यासाठी शोधलेल्या शस्त्रक्रियांची संख्या थक्क करणारी आहे. १९४१ मध्ये बॉसवर्थ यांनी कॉलरबोनमधून थेट कोरॅकॉइडमध्ये स्क्रू बसवण्याची पद्धत सांगितली. १९७२ मध्ये वीव्हर आणि डन यांनी कॉलरबोनचं टोक थोडं कापून शेजारचा एक अस्थिबंध तिथे नेऊन जोडला. सांध्यातून आडव्या तारा घालण्याची पद्धत बरीच वर्षं चालली, पण त्या तारा सुटून छातीत, फुप्फुसापर्यंत, अगदी हृदयापर्यंत सरकल्याचे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदले गेले आणि नुसत्या तारा मागे पडल्या. मग आकडा असलेली पट्टी आली. तिचा आकडा खांद्याच्या छपराखाली अडकतो आणि पट्टी कॉलरबोनला खाली धरून ठेवते. ती सांध्याला उत्तम धरते, पण आकडा हाड झिजवतो, म्हणून काही महिन्यांनी काढावी लागते. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया ठरलेलीच.

इतक्या पद्धती असण्याचा अर्थ एकच: कुठलीही निर्विवाद सरस ठरलेली नाही. आणि शस्त्रक्रिया न करता काय होतं, हे काटेकोरपणे पाहिलं गेलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. १९८६ मध्ये डेन्मार्कमधल्या लार्सन आणि सहकाऱ्यांनी ८४ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींवर शस्त्रक्रिया, काहींवर नाही, आणि निवड चिठ्ठी टाकल्यासारखी. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे खांदे जवळपास सारखेच होते. १९८९ मध्ये ब्रिस्टलच्या बॅनिस्टर यांच्या चाचणीत शस्त्रक्रिया न झालेले लोक कामावर आणि खेळाकडे लवकर परतले. मात्र ज्यांचं हाड दोन सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त सरकलं होतं, त्यांच्यात शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती अधिक चांगली राहिली. कॅनडातल्या ११ केंद्रांनी मिळून केलेली चाचणी २०१५ मध्ये आली. तिच्यात ८३ रुग्ण होते आणि शस्त्रक्रिया आकड्याच्या पट्टीची होती. दीड महिन्यानं आणि तीन महिन्यांनी शस्त्रक्रिया न झालेल्यांचा हात जास्त चांगला चालत होता. सहा महिन्यांपासून पुढे, अगदी दोन वर्षांपर्यंत, दोन्ही गटांत फरक उरला नाही. एक्स-रे मात्र शस्त्रक्रिया झालेल्यांचेच सुबक दिसत होते.

एडिंबरातल्या २०१८ च्या चाचणीनं दोरा आणि बटणांच्या नव्या पद्धतीची शस्त्रक्रिया घेऊन पाहिली. साठ तरुण रुग्णांत वर्षानंतरचं चित्र तेच आलं. शस्त्रक्रिया न केलेल्यांपैकी काही जणांना पुढे त्रास राहिला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, हेही संशोधकांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. अशा सहा चाचण्या एकत्र तपासणाऱ्या, वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यानं निष्कर्ष काढला की वर्षभरानंतर हाताचं काम, जुन्या आयुष्याकडे परतणं किंवा जगण्याचा दर्जा, यांत शस्त्रक्रियेनं जादा फायदा होतो असं दिसत नाही. पुरावा फार भक्कम नाही, हेही त्याच आढाव्यात नमूद आहे.

हिपोक्रॅटिसच्या ग्रंथात लिहिलं होतं की उंचवटा राहील, पण हाताच्या कामात त्यामुळे लहान-मोठी कुठलीच अडचण येणार नाही. सगळ्यांच्या बाबतीत ते खरं नाही, पण बहुसंख्यांच्या बाबतीत ते इतक्या शतकांनंतरही टिकून आहे. खांद्यावरचा उंचवटा आयुष्यभर राहतो, शर्टातून दिसतो, पाठीवरच्या पिशवीचा पट्टा तिथे टोचतो. तरी हात वर जातो, बादली उचलतो, बॅट फिरवतो. निव्वळ उंचवटा दिसतो म्हणून तरुण मुला-मुलींच्या खांद्यावर शस्त्रक्रिया करणं योग्य नाही. उंचवट्याच्या जागी व्रण येतो, आणि अनेकदा तो उंचवट्याहून जास्त खुपतो.

मग शस्त्रक्रिया कुणाला लागते? सांध्यांच्या दुखापतींवर काम करणाऱ्या ‘आयसाकॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या समितीनं २०१४ मध्ये तिसऱ्या प्रकाराचे दोन भाग करायला सुचवलं: स्थिर आणि अस्थिर. हे पहिल्या दिवशी ठरवता येत नाही. आधी नीट व्यायामोपचार करायचे आणि तीन ते सहा आठवड्यांनी पुन्हा तपासायचं. दुखणं हटत नसेल, हातात जोर येत नसेल, खवाटा चुकीचा हलत असेल, कॉलरबोनचं टोक खांद्याच्या छपरावर चढत असेल, तर तो सांधा अस्थिर धरायचा आणि शस्त्रक्रियेचा विचार करायचा. ही सूचना फार मोलाची आहे. पहिल्याच दिवशी, सुजलेल्या आणि घाबरलेल्या अवस्थेत, रुग्णाला ‘करायचं की नाही’ असा निर्णय घ्यावा लागत नाही.

माणसाचं काम आणि खेळ हेही तराजूत टाकावे लागतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्याची गरज वेगळी. वाशीच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहणारा माथाडी कामगार, छताला प्लास्टर करणारा गवंडी, भाला फेकणारी खेळाडू यांना खांद्याच्या वरच्या पातळीवर जोर लावावा लागतो किंवा ओझंच तिथे ठेवावं लागतं. त्यांच्याशी डॉक्टरांनी या कामाबद्दल सविस्तर बोलायला हवं, आणि रुग्णांनीही आपलं काम काय ते न विचारता सांगायला हवं. हातावर पोट असलेल्या माणसाला शस्त्रक्रियेनंतरचे चार-सहा महिने जड कामाविना काढणं परवडेल का, हाही वैद्यकीय निर्णयाचाच भाग आहे.

कॅव्हेंडिशचे अस्थिबंध पूर्ण तुटले होते. आधी शस्त्रक्रियेवाचून भागेल असं वाटलं, पण चारच दिवसांत ती करण्याचा निर्णय झाला. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, त्यानं टूरचा पहिला टप्पा जिंकून पिवळी जर्सी मिळवली आणि २०२४ मध्ये ३५ वा टप्पा जिंकून सर्वाधिक टप्पे जिंकण्याचा एडी मर्क्सचा विक्रम मोडला. अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅम ब्रॅडफर्डची कथा दुसऱ्या वळणाची. सर्वोत्तम विद्यापीठीय खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक २००८ मध्ये जिंकलेल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या या खेळाडूचा, ज्या हातानं तो चेंडू फेकायचा त्याच बाजूचा एसी जॉइंट सप्टेंबर २००९ मध्ये दुखावला. शस्त्रक्रिया न करता तो ऑक्टोबरात मैदानात उतरला आणि पुढच्याच सामन्यात पुन्हा त्याच खांद्यावर आपटला. मग शस्त्रक्रिया झाली, हंगाम संपला. पुढच्या एप्रिलमध्ये देशभरातल्या नव्या खेळाडूंत व्यावसायिक संघानं सर्वांत आधी निवडलं ते त्यालाच. शस्त्रक्रियेआधी वाट पाहिल्यानं त्याची कारकीर्द बुडाली नाही.

आजकाल केली जाणारी शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून किंवा लहान छेदातून होते. कॉलरबोन आणि कोरॅकॉइड या दोन्हींत बारीक भोकं पाडून त्यांतून अत्यंत मजबूत दोरा ओवला जातो आणि दोन्ही टोकांना धातूची छोटी बटणं अडकवून तो आवळला जातो. दुखापत तीन आठवड्यांच्या आतली असेल तर फाटलेले अस्थिबंध त्या आधारानं आपोआप जुळू शकतात. जुन्या दुखापतीत ती क्षमता उरत नाही. तिथे मांडीच्या मागच्या बाजूचा स्नायुबंध घेऊन नवा अस्थिबंध तयार करावा लागतो. धोके आहेतच: जंतुसंसर्ग, भोकांच्या जागी हाड मोडणं, दोरा सैल पडून उंचवटा परत येणं. हात साधारण सहा आठवडे गळ्यात राहतो. व्यायाम इथेही चुकत नाहीत.

काही रुग्णांना, विशेषतः दुसऱ्या प्रकारातल्यांना, वर्षा-दोन वर्षांनी सांध्याची झीज होऊन त्रास होतो. व्यायामशाळेत वर्षानुवर्षं जड वजनं दाबणाऱ्यांना तर न पडताही कॉलरबोनचं टोक झिजण्याचा आजार होतो. विश्रांती, औषधं, सांध्यात इंजेक्शन यांनी भागलं नाही तर त्या टोकाचा सेंटिमीटरभर भाग काढून टाकतात आणि दुखणं थांबतं.

खांद्यावर पडल्यावर हाताला मुंग्या येत असतील, बोटं बधिर किंवा थंड पडली असतील, श्वास घेताना छातीत कळ येत असेल, डोक्याला मार असेल किंवा कातडी फाटून हाड दिसत असेल, तर लगेच मोठ्या रुग्णालयात जावं. एरवी मैदानावर करायचं ते सोपं आहे. हात ओढायचा नाही, चोळायचा नाही. कोपर दुसऱ्या हातानं उचलून धरायचं, ओढणी, पंचा किंवा गमछा गळ्यात बांधून त्यात हात ठेवायचा, टेंगळावर कापडात गुंडाळलेला बर्फ लावायचा आणि एक्स-रेसाठी निघायचं. पहिल्याच भेटीत शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला तर दुखापत कितव्या प्रकारची आहे, हे डॉक्टरांना जरूर विचारा. पहिली किंवा दुसरी असेल तर शस्त्रक्रियेची गरज नाही. तिसरी असेल तर तीन आठवडे व्यायाम करून पुन्हा दाखवण्याची मुभा आहे का विचारा, आणि दुसऱ्या हाडांच्या डॉक्टरांचं मत घ्या. गोविंदा पथकं, कबड्डी संघ आणि तालमी यांनी तर हंगाम सुरू होण्याआधीच आपल्या मुलांना ही दुखापत ओळखायला शिकवावं, आणि खांद्यावर पडलेल्या मुलाचा हात कुणीही ओढणार नाही, हा नियम घालून घ्यावा.